संस्कृतचा विद्यार्थी आणि बाल्टिक भाषांचे संशोधन: केवळ कोशांवर भागेल का?

एका प्रश्नकर्त्याने विचारले आहे: “मी संस्कृतात एम.ए. केले आहे. आजच्या जिवंत भाषांपैकी लिथुआनियन ही संस्कृतला सर्वांत जवळची भाषा आहे, असे अनेक ठिकाणी वाचनात येते. या दोन भाषांतील समान शब्दांवर पीएच.डी. करावी, असा विचार आहे. मला लिथुआनियन येत नाही, पण व्युत्पत्तिकोश मिळू शकतात. त्यांच्या आधारे हे काम होईल का, आणि सुरुवात कुठून करावी?” मी ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकवतो आणि बाल्टिक भाषा, म्हणजे लिथुआनियन आणि तिच्या सख्ख्या बहिणी, हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला म्हणजे जवळिकीचा दावा खरा आहे का. दुसरा, भाषा न शिकता कोशांवरून संशोधन होते का. आणि तिसरा, जो विचारलेला नाही पण खरा तोच आहे, तो असा की संस्कृतची चांगली तयारी असलेल्या व्यक्तीला बाल्टिक अभ्यासात नवे असे काय करता येण्यासारखे आहे. समान शब्दांची यादी हे त्याचे उत्तर नव्हे. ती यादी एकोणिसाव्या शतकातच तयार झाली. फ्रान्झ बॉप यांच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला खंड १८३३ मध्ये निघाला, तेव्हा संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या बरोबरीने लिथुआनियनचे नाव त्याच्या शीर्षकातच होते. त्या यादीत आज एखाद्या शब्दाची भर घालणे हे प्रबंधाचे काम होऊ शकत नाही.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगायला हवे. आपण जर्मन वाचू शकता का, वैदिक स्वरांचा आपला अभ्यास कितपत झाला आहे, एकदोन वर्षे बाहेर राहणे शक्य आहे का, आणि आपला ओढा जुन्या ग्रंथांकडे आहे की बोलत्या भाषेकडे, यानुसार पुढचा सल्ला बदलेल. मी इथे असे गृहीत धरतो की आपले पाणिनीय व्याकरण पक्के आहे, वेदाचा थोडाफार परिचय आहे आणि युरोपीय भाषांपैकी फक्त इंग्रजी येते, कारण आपल्याकडे संस्कृत शिकलेल्या बहुतेकांची स्थिती अशीच असते.

प्रथम जवळिकीच्या दाव्याविषयी. लिथुआनियन ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, ‘आविस’ म्हणजे मेंढी, ‘विल्कस’ म्हणजे लांडगा, ‘उग्निस’ म्हणजे आग, ‘शिम्तस’ म्हणजे शंभर. समोर सूनु, अवि, वृक, अग्नि, शत ठेवले की कुणालाही आश्चर्य वाटावे. ‘देवाने दात दिले, देव भाकरीही देईल’ अशा अर्थाची एक लिथुआनियन म्हण आणि तिच्याशेजारी मांडलेले संस्कृत वाक्य वारंवार फिरत असते. म्हण खरी आहे, तिच्यातील भाकरीचा ‘दुओना’ हा शब्द आणि संस्कृत ‘धानाः’ यांचा संबंधही मान्य आहे. पण शेजारचे संस्कृत वाक्य कोणत्याही ग्रंथातले नाही, ते जुळवण्यासाठीच रचलेले आहे. अशी रचना कौतुकाला पुरते, पुराव्याला पुरत नाही.

भाषांची जवळीक वंशावळीवरून ठरते, आणि वंशावळ ठरवताना दोन भाषांनी मिळून जुने काय टिकवले यापेक्षा मिळून नवे काय केले याला महत्त्व असते. संस्कृतची सर्वांत जवळची प्राचीन आप्त भाषा म्हणजे पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाची भाषा. लिथुआनियनची सर्वांत जवळची भाषा लाट्वियन, मग अठराव्या शतकाच्या आरंभी नामशेष झालेली प्राचीन प्रशियन, आणि त्यानंतर स्लाव्ह भाषा. बाल्टिक आणि स्लाव्ह मिळून एक शाखा मानावी की नाही, यावर मोठा वाद झाला. आउगुस्ट श्लायशर यांनी एक शाखा मानली, आंत्वान मेये यांनी १९०८ मध्ये तिला ठाम विरोध केला. आज बहुसंख्य अभ्यासक एका शाखेच्या बाजूने आहेत, तरी प्राचीन प्रशियनचे त्यातले नेमके स्थान अजूनही चर्चेत असते. सांगायचे इतकेच, की लिथुआनियन आणि संस्कृत एकमेकींसारख्या दिसतात कारण दोघींनी एकाच आजीचे काही दागिने आपापल्या पेटीत जपून ठेवले. दोघींचे घर कधी एक नव्हते.

आता दागिने कोणते, हेही नीट पाहिले पाहिजे, कारण संशोधनाची सुरुवात इथेच होते. लिथुआनियनला सात विभक्ती आहेत आणि संस्कृतलाही सात, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. पण लिथुआनियनच्या सातांत संबोधन धरलेले आहे आणि पंचमी नाही. अधिक खोलात गेले तर असे दिसते की ‘विल्को’ म्हणजे ‘लांडग्याचा’ हे लिथुआनियन षष्ठीचे रूप ‘वृकस्य’शी जुळत नाही, ते ‘वृकात्’शी जुळते. म्हणजे पंचमीच्या जुन्या रूपाने षष्ठीची जागा घेतली आहे. एकवचनी सप्तमीही वारशाने आलेली नाही; ‘आत’ या अर्थाचे एक अव्यय जुन्या रूपाला चिकटून ती तयार झाली. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपला ‘घरात’मधला प्रत्ययही ‘आत’मधूनच आलेला आहे. जुन्या लिथुआनियन ग्रंथांत तर याच पद्धतीने बनलेल्या ‘आत जाणे’, ‘जवळ असणे’, ‘कडे जाणे’ दाखवणाऱ्या स्वतंत्र विभक्ती आढळतात, आणि त्यांच्या वाढीमागे शेजारच्या फिनिक (फिनिश, एस्टोनियन इत्यादी) भाषांचा प्रभाव असावा, असे पुष्कळांचे मत आहे. सातास सात जुळली असे म्हणून थांबणाऱ्याच्या हातून ही सगळी कथा निसटते.

क्रियापदाकडे वळले की चित्र आणखी बदलते. ‘दुओसिउ’ म्हणजे ‘मी देईन’ आणि ‘दास्यामि’ यांचा मेळ खरोखरच सुंदर आहे. पण लिथुआनियनने लङ्, लुङ् आणि लिट् हे जुने तिन्ही भूतकाळ गमावले, भूतकाळासाठी नवी रूपे घडवली आणि तृतीय पुरुषात एकवचन-अनेकवचनाचा भेदच सोडून दिला. ‘तो जातो’ आणि ‘ते जातात’ यांसाठी क्रियापदाचे एकच रूप चालते. नामांचे नपुंसकलिंगही तिच्यात उरले नाही. लिट् गेला, पण ‘विद्वान्, विदुषः’ यांत दिसणारा त्याचा कृदन्त प्रत्यय मात्र भूतकालवाचक कृदन्तात आजही रोजच्या वापरात आहे. माझ्या मते नवख्या संशोधकाने पहिल्या दिवशीच हे मनात ठेवावे की बाल्टिक भाषा नामरूपांत आणि स्वराघातात जुन्या आहेत, क्रियापदांत बऱ्याच नव्या आहेत. वैदिक संस्कृत क्रियापदांत अतिशय जुनी आहे. दोन्हींची माहिती एकमेकींना पूरक आहे, आणि पूरकता साम्यापेक्षा अधिक उपयोगी असते.

दुसरा प्रश्न कोशांचा. कोश लागतीलच. एर्न्स्ट फ्रेंकेल यांचा लिथुआनियन व्युत्पत्तिकोश १९५५ ते १९६५ या काळात निघाला, प्राचीन प्रशियनसाठी विताउतस माझ्युलिस यांचा चार खंडांचा कोश १९८८ ते १९९७ मध्ये आला, लाट्वियनसाठी म्यूलेनबाख आणि एंझेलीन्स यांचा मोठा कोश आहे, आणि रिक डेर्कसेन यांचा बाल्टिक वारसाशब्दांचा कोश २०१५ चा आहे. पण या कोशांचे निर्णय एकसारखे नाहीत. फ्रेंकेल बहुधा अनेक मते शेजारी शेजारी ठेवतात, डेर्कसेन नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या परंपरेतील ध्वनिनियम गृहीत धरून रूप पुनर्रचित करतात. ज्याला ते नियम स्वतः तपासता येत नाहीत, त्याच्या प्रबंधात एका कोशाचे मत दुसऱ्यावर का निवडले, याचे कारण सांगता येणार नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

एक उदाहरण देतो, कारण ते संस्कृतच्या विद्यार्थ्याला लगेच पटते. लिथुआनियनमध्ये महाप्राण व्यंजने नाहीत. ग-घ किंवा द-ध हा भेद तिथे पुसला गेला आहे. तरी सद् धातूशी संबंधित ‘बसणे’ या अर्थाच्या क्रियापदात स्वर दीर्घ आहे, ‘नग्न’शी जुळणाऱ्या ‘नुओगस’मध्येही तो मुळात दीर्घच आहे, उलट ‘मधु’शी जुळणाऱ्या ‘मेदुस’मध्ये आणि दह् धातूशी जुळणाऱ्या ‘जळणे’ या क्रियापदात तो मुळात ऱ्हस्व आहे. सद् आणि नग्न यांत अल्पप्राण घोष व्यंजन आहे, मधु आणि दह् यांत मुळात महाप्राण. म्हणजे बाल्टिकने व्यंजनातला भेद सोडला, पण त्याआधी तो मागच्या स्वराच्या दीर्घत्वात नोंदवून ठेवला. वेर्नर विंटर यांनी हा नियम १९७८ मध्ये मांडला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो; त्याला काही अडचणीचे अपवाद आहेत आणि त्यांवर आजही लेख निघतात. आता कोशात ‘मेदुस, संस्कृत मधु’ एवढेच पाहणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही. ज्याला संस्कृतातले महाप्राण मनापासून ठाऊक आहेत आणि ज्याने लिथुआनियन स्वरांची लांबी स्वतः वाचून, ऐकून ओळखली आहे, त्यालाच अपवादांवर काही बोलता येईल.

स्वराघाताचे क्षेत्र याहून समृद्ध आहे, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी इकडे फारसे लक्ष दिलेले नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. लिथुआनियनमध्ये आघात शब्दाच्या कोणत्याही अक्षरावर येऊ शकतो, एकाच नामाच्या विभक्तींमध्ये तो जागा बदलतो, आणि आघातयुक्त दीर्घ अक्षराला दोन प्रकारचे सूर असतात. लाट्वियनमध्ये आघात बहुधा पहिल्या अक्षरावर स्थिर झाला आहे, पण तिच्या बोलींत तीन सूर आढळतात, आणि त्यांपैकी खंडित सुराचा संबंध लिथुआनियनमधील चल आघाताशी लावता येतो. हा संबंध यानिस एंझेलीन्स यांनी दाखवला. फेर्दिनां द सोस्यूर १८८० मध्ये लिथुआनियात गेले होते, आणि या विषयावरचे त्यांचे लेख १८९४ व १८९६ मध्ये आले. सामान्य भाषाविज्ञानासाठी ज्यांचे नाव घेतले जाते, त्या सोस्यूर यांनी आपल्या हयातीत स्वतः छापलेल्या मोजक्या कामांपैकी हे आहे.

इथे वेद प्रत्यक्ष उपयोगी पडतो. धूम आणि वीर हे दोन्ही शब्द ऋग्वेदात अन्तोदात्त आहेत, म्हणजे त्यांचा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर आहे. लिथुआनियन ‘दूमाय’ आणि ‘वीरस’ यांत मात्र आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि तो स्थिर आहे. हेर्मान हिर्ट यांनी १८९५ मध्ये सुचवले की आधीच्या अक्षरात विशिष्ट प्रकारचे दीर्घत्व असल्यास बाल्टिक आणि स्लाव्ह भाषांत आघात त्या अक्षरावर मागे सरकला. नंतरच्या काळात त्या दीर्घत्वाचा संबंध मूळ भाषेतील लुप्त स्वरयंत्रीय (‘लॅरिंजिअल’) व्यंजनांशी जोडला गेला. हा नियम तपासायचा म्हणजे प्रत्येक शब्दाचा वैदिक स्वर काय, तो संहितेत खरोखर किती ठिकाणी आला आहे, आणि एखादे रूप नंतरच्या व्याकरणातूनच माहीत आहे का, हे सांगणारा माणूस हवा. अनेक बाल्टिक अभ्यासक वैदिक स्वर कोशातून घेतात, जसे आपण त्यांचा सूर कोशातून घेऊ पाहतो. दोन्ही बाजूंची मूळ साधने वाचू शकणारे लोक थोडे आहेत, आणि आपली जागा बहुधा इथे आहे. मात्र हे क्षेत्र कठीण आहे. लायडनमधील फ्रेडरिक कोर्टलांड्ट यांचे लेखन वाचताना पहिले काही महिने काहीच कळत नाही असे वाटले, तर ते स्वाभाविक समजावे.

साधनग्रंथांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण संस्कृतच्या विद्यार्थ्याची इथे मोठी फसगत होते. संस्कृतची भाषा जुनी आणि तिचे वाङ्मयही जुने. बाल्टिकमध्ये रूपे जुनी, पण लेखन उशिराचे. पहिले लिथुआनियन पुस्तक म्हणजे मार्तीनस माझ्वीदस यांची १५४७ ची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी, क्योनिग्सबर्ग येथे छापलेली. ज्ञानेश्वरी त्याआधी अडीचशे वर्षे होऊन गेली होती. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लाट्वियन पुस्तके १५८५ आणि १५८६ ची आहेत, तीही धर्मशिक्षणाचीच. मिकलोयस दाउक्शा यांचा १५९९ चा प्रवचनसंग्रह आघातचिन्हांसह छापलेला असल्यामुळे स्वराघाताच्या अभ्यासकांसाठी तो ठेवाच आहे. त्यामुळे इथे आपल्याला शतकानुशतकांच्या पाठपरंपरेऐवजी छापखाने, अनुवादक, पाद्री आणि त्यांच्या समोरची जर्मन, पोलिश किंवा लॅटिन मूळ पाने यांचा विचार करावा लागतो.

प्राचीन प्रशियनच्या बाबतीत तर जवळजवळ सगळे काही या विचारावरच उभे आहे. सलग मजकूर म्हणाल तर १५४५ च्या दोन आणि १५६१ ची एक अशा तीन प्रश्नोत्तऱ्या, त्याही जर्मनवरून केलेल्या. तिसरीचा अनुवाद अबेल विल नावाच्या पाद्र्याने पाउल मेगोट या प्रशियन भाषकाच्या मदतीने केला. याशिवाय १४०० च्या सुमारास नकललेला, ८०२ नोंदींचा जर्मन-प्रशियन शब्दसंग्रह आहे, जो एल्बिंगच्या नावाने ओळखला जातो. त्याची मांडणी अमरकोशासारखी विषयवार आहे. आणखी एक छोटा शब्दसंग्रह आणि काही फुटकळ ओळी, नावे. आता या प्रश्नोत्तऱ्यांत एखादी विभक्ती अनपेक्षित ठिकाणी दिसली, तर ती प्रशियन भाषेची रीत, की जर्मन वाक्याची शब्दशः नक्कल, की अनुवादकाचे अज्ञान, की छपाईची चूक? प्रत्येक वेळी हा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. ज्यांना दोन ओळींवर आठवडा घालवण्यात कंटाळा येत नाही, त्यांना हे काम आवडते. नुसत्या कोशातून रूप उचलणाऱ्याला मात्र ते रूप किती डळमळीत पायावर उभे आहे, हे कळतच नाही.

शब्दांच्या तुलनेचाच ओढा असेल, तर संस्कृतकडे पाहण्याआधी उत्तरेकडे पाहावे. फार जुन्या काळी बाल्टिक भाषांतून फिनिकमध्ये शब्द गेले, आणि तिथे त्यांची काही जुनी अंगे टिकून राहिली. फिनिश ‘हम्मास’ म्हणजे दात. त्यामागचा बाल्टिक शब्द लिथुआनियनमध्ये ‘कड, धार’ अशा अर्थाने आणि लाट्वियनमध्ये ‘दात’ याच अर्थाने उरला आहे, आणि संस्कृतात त्याचा आप्त ‘जम्भ’ आहे. फिनिशमधील कुऱ्हाड, पूल, गवत यांसाठीचे शब्दही असेच बाल्टिककडून गेलेले आहेत. दात आणि त्याचप्रमाणे मुलगी यांच्यासारखे शब्द उसने घेतले जातात, तेव्हा दोन समाज किती जवळ राहत असतील याचा अंदाज येतो. इथे वैदिक शब्दार्थाची साक्ष मोलाची ठरते, पण त्यासाठी फिनिक भाषांची ओळख करून घ्यावी लागेल, आणि तो पुन्हा वेळेचा प्रश्न आहे.

आता जिवंत भाषांकडे येतो, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांचा कल प्रत्यक्षात तिकडे असतो आणि संस्कृतच्या नावाखाली तो दबून राहतो. लिथुआनियन बोलणारे सुमारे ३० लाख, लाट्वियन मातृभाषा असलेले साधारण १५ लाख. या दोन भाषांच्या वाक्यरचनेवर आज भरपूर काम चालू आहे, आणि मराठी मातृभाषा असणे इथे खरे भांडवल आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य लाट्वियनमध्ये ‘मन् इर दिवि ब्रालि’ असे होते. ‘मन्’ म्हणजे चतुर्थीतले ‘मला’, ‘इर’ म्हणजे ‘आहे, आहेत’. लिथुआनियन मात्र ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद वापरते आणि भावांना द्वितीयेत टाकते. दोन सख्ख्या भाषा इथे वेगळ्या वाटेने गेल्या, आणि लाट्वियन मराठीसारखी दिसते. हे साम्य वारशाचे नाही, कारण संस्कृतात ‘मम द्वौ भ्रातरौ’ अशी षष्ठी असते आणि मराठीचा ‘ला’ नंतरचा आहे. म्हणूनच ते वाक्यरचनेच्या अभ्यासकाला अधिक विचार करायला लावते.

लाट्वियनमध्ये कर्तव्यवाचक असा एक स्वतंत्र क्रियापदप्रकार आहे. ‘मन् यालसा ग्रामता’ म्हणजे ‘मला पुस्तक वाचायला हवे’. इथे करणारा चतुर्थीत असतो आणि पुस्तक प्रथमेत राहते. मराठीत ‘मला पुस्तक वाचायचे आहे, मला गोष्ट वाचायची आहे’ असे म्हणताना क्रियारूप पुस्तकाच्या किंवा गोष्टीच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणजे तेही कर्माला प्रथमेचाच मान देते. पण कर्म म्हणून ‘तू’ आला की आपण ‘मला तुला पाहायचे आहे’ असे म्हणतो, आणि लाट्वियनमध्येही प्रथम व द्वितीय पुरुषाची सर्वनामे प्रथमा सोडून द्वितीया घेतात. मग सजीव नामांचे काय? मराठी ‘रामाला पाहायचे आहे’ म्हणते, लाट्वियन नाम प्रथमेतच ठेवते. ही सीमारेषा दोन भाषांत नेमकी कुठे आणि का वेगळी पडते, हा एक प्रबंध होऊ शकेल असा प्रश्न आहे, आणि तो मराठी भाषकाला जसा आतून जाणवतो तसा जर्मन भाषकाला सहज जाणवणार नाही.

संस्कृत वाक्यरचनेतूनही असाच एक चांगला विषय निघतो. आपली सति सप्तमी, ‘सूर्ये उदिते’ म्हणजे ‘सूर्य उगवला असता’, आपल्याला ठाऊक आहे. लिथुआनियनमध्ये तेच काम चतुर्थी करते: ‘साउलेय तेकांत’, म्हणजे सूर्य उगवत असताना, सूर्य चतुर्थीत आणि क्रियापदाचे अव्ययरूप कृदन्त. ही रचना जुन्या स्लाव्हमध्येही चतुर्थीतच आहे, ग्रीकमध्ये षष्ठीत, लॅटिनमध्ये पंचमीत. मूळ भाषेत ती कोणत्या विभक्तीत होती की प्रत्येक शाखेने ती स्वतंत्रपणे घडवली, यावर लिहिले गेले आहे, तरी जुन्या लिथुआनियन अनुवादांतील प्रयोग त्यांच्या मूळ पानांशी ताडून पाहण्याचे काम पुष्कळ शिल्लक आहे.

तयारीचा क्रम मी असा सुचवेन. आधी लिथुआनियन, आणि ती बोलण्याइतकी. केवळ वाचण्यापुरती शिकलेली भाषा आघाताच्या बाबतीत दगा देते. लिथुआनियाच्या राजधानीतील विल्नियस विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग असतात, तिथे एक उन्हाळा घालवणे घरी दोन वर्षे पुस्तक वाचण्यापेक्षा फायद्याचे ठरते. तिच्या जोडीला वाचनापुरती जर्मन, कारण एंझेलीन्स यांचे १९२२ चे लाट्वियन व्याकरण, क्रिस्टियान स्टांग यांचे १९६६ चे बाल्टिक तौलनिक व्याकरण आणि फ्रेंकेल हे सगळे जर्मनमध्ये आहे. लाट्वियन नंतर सोपी जाते. रशियन किंवा पोलिश केव्हा, हे विषयावर ठरेल. प्राचीन प्रशियन निवडल्यास व्लादिमिर तोपोरोव यांच्या प्रशियन कोशासाठी रशियन लागेल. लिथुआनियनचा २० खंडांचा मोठा कोश, ज्याचे खंड १९४१ ते २००२ या काळात निघाले, आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो, आणि त्यातील बोलींची अवतरणे हाच त्याचा खरा खजिना आहे. ‘बाल्टिस्टिका’ हे नियतकालिक १९६५ पासून विल्नियसहून निघते. त्याचे अलीकडचे अंक चाळले की कोणते प्रश्न जिवंत आहेत, हे लवकर कळते.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. १८६४ ते १९०४ या काळात रशियन सत्तेने लॅटिन लिपीत लिथुआनियन छापण्यावर बंदी घातली होती आणि लोक सीमेपलीकडून पुस्तके चोरून आणत होते. त्या समाजात आपल्या भाषेच्या प्राचीनतेविषयी अभिमान असणे साहजिक आहे, आणि संस्कृतविषयी आपल्याकडेही तो आहे. दोन्ही अभिमान एकत्र आले की ‘लिथुआनियन लोक भारतातून गेले’ किंवा ‘प्रशियन धर्म म्हणजे वैदिक धर्मच’ अशी पुस्तके निर्माण होतात. त्यांच्यापासून दूर राहावे. भारतीय विद्वानाने या विषयाकडे कसे पाहावे हे जाणून घ्यायचे असेल, तर सुनीतिकुमार चटर्जी यांचे बाल्ट आणि आर्य यांच्यावरील १९६८ चे पुस्तक वाचावे. त्यातील भाषाशास्त्रीय तपशील आता जुने झाले आहेत, पण विषयाविषयीचे प्रेम आणि मर्यादेचे भान यांचा मेळ त्यात दिसतो.

मार्गदर्शक मिळवण्याआधी एक छोटे काम करून पाहावे, असे मला वाटते. ख्रिस्ती धर्मातील ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना १५४७ च्या लिथुआनियन, १५८६ च्या लाट्वियन आणि १५४५ व १५६१ च्या प्रशियन पुस्तकांत आहे. १५६१ च्या पाठात ‘जो तू आहेस’ येथे आलेले ‘एस्सेइ’ पाहून ‘असि’ आठवल्याशिवाय राहत नाही. फ्रँकफुर्टच्या ‘टायटस’ या संगणकीय संग्रहात प्राचीन भाषांचे पुष्कळ पाठ आहेत, शोधाला तिथून आरंभ करता येईल. ही सगळी रूपे एकाखाली एक लिहावीत, शेजारी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचा जर्मन पाठ ठेवावा, आणि प्रत्येक नामाची विभक्ती व प्रत्येक क्रियापदाचे रूप ओळखून जिथे तीन भाषांत फरक पडतो तिथे टिपण करावे. त्यासाठी पूर्ण भाषा येण्याची गरज नाही, व्याकरण आणि कोश पुरतात. कोशांचा इतका उपयोग मला मान्य आहे. दहाएक पानांचे टिपण झाले की ते विल्नियस, रिगा, लायडन किंवा ग्राइफ्सवाल्ड येथील एखाद्या प्राध्यापकांना पाठवावे. सोबतच्या पत्रात संस्कृतचे शिक्षण आणि वैदिक स्वरांची तयारी दोन वाक्यांत सांगावी, साम्याविषयी काही लिहू नये, आणि ज्या रूपाचे स्पष्टीकरण स्वतःला सापडले नाही त्याविषयी एक नेमका प्रश्न विचारावा.